पदामागचे नाटक : जितेंद्र अभिषेकी यांच्या नाट्यसंगीताविषयी



धारगळसारख्या गावात नाट्यसंगीतावर बोलावयाचे म्हणजे एका परीने सोपे आणि दुसऱ्या परीने फार अवघड. सोपे अशासाठी की, येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी देवळाच्या प्रांगणातील मांडवात बसून उत्सवाची नाटके पाहिली आहेत. काहींनी स्वतः तोंडाला रंग लावला आहे, काहींनी पेटी-तबल्याची साथ केली आहे, आणि ज्यांनी यांतले काहीच केले नाही त्यांनी निदान आयत्या वेळी पडदा ओढला आहे. अवघड अशासाठी की, पेटीवर पहिले चार स्वर वाजताच पुढचे पद कोणते हे जे ओळखतात, त्यांना व्याख्यात्याने नवे काय सांगावे? या प्रश्नाचा विचार करता करता मला असे जाणवले की, आपल्याला पदे ठाऊक आहेत, परंतु ती ज्या नाटकांची आहेत ती नाटके आता फारशी ठाऊक नाहीत. पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. त्यांची पदे मैफलीत गाइली जातात, स्पर्धांत गाइली जातात, शाळेच्या स्नेहसंमेलनात गाइली जातात. ती पदे कोणत्या पात्राच्या मुखी, कोणत्या प्रसंगी आली, हे विचारले तर उत्तर सहसा मिळत नाही. आणि माझे म्हणणे असे आहे की, बुवांचे खरे कर्तृत्व नेमके त्या उत्तरात दडलेले आहे.

बुवांचा जन्म २१ सप्टेंबर १९२९ रोजी मंगेशी येथे झाला. आपल्या पेडणे महालातून कोलवाळची नदी आणि मग मांडवी ओलांडून गेले की लागणारे हे गाव. घराण्याचे मूळ आडनाव नवाथे. श्रीमंगेशाच्या पिंडीवर अभिषेक करण्याचे काम या घराण्याकडे, म्हणून ते अभिषेकी झाले. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे पितृकुळही हेच. बुवांचे वडील बळवंतराव हे कीर्तनकार होते, आणि पहिले संगीतशिक्षण घरातच झाले. चरित्रलेखक ही गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे जातात. मला मात्र तेथे थोडे थांबावेसे वाटते.

कीर्तनकाराचे गाणे हे गवयाच्या गाण्याहून वेगळे असते. गवई राग मांडतो. कीर्तनकार कथा सांगतो, आणि कथा जेथे बोलून पुढे जाईना तेथे तो गातो. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. मध्ये ओवी, साकी, दिंडी, आर्या, एखादे पद. पद कितीही रंगले तरी कीर्तनकाराला परत आख्यानावर यावेच लागते, कारण समोरच्या आजीबाईला द्रौपदीचे पुढे काय झाले हे हवे असते, तान किती पल्लेदार होती हे नव्हे. गाणे केव्हा सुरू करावे यापेक्षा केव्हा आवरते घ्यावे, ही जी समज आहे ती बुवांच्या अंगी लहानपणीच भिनली असली पाहिजे. पुढे रंगभूमीवर त्यांनी जे केले त्याचे बीज मी तरी या कीर्तनात पाहतो.

बाकीचे शिक्षण त्यांनी हिंडून मिळविले. गोव्यात गिरिजाबाई केळेकर, मुंबईस आग्रा परंपरेचे जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ आणि जयपूर परंपरेतील दुर्मिळ रागांचे जाणकार गुलुभाई जसदनवाला अशी त्यांच्या गुरूंची नावे सांगता येतील. एका घराण्याचे अखंड निशाण खांद्यावर घेऊन चालण्याचा त्यांचा पिंड नव्हता. जगन्नाथबुवांनी जोगकंससारखा राग निर्माण केला आणि 'गुणीदास' या नावाने बंदिशी रचल्या. अजमत हुसेन खाँ 'दिलरंग' या नावाने रचत. आणि शिष्याने 'श्यामरंग' हे नाव घेतले. नवी रचना करणे हा अपराध नव्हे, हे ज्या गुरूंच्या घरी शिकावयास मिळते ते घर भाग्याचे. याच्या जोडीला मुंबईस संस्कृत साहित्याची पदवी आणि मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागातील नोकरी. आकाशवाणीत घड्याळ हा खरा अधिकारी असतो. जे सांगायचे ते ठरलेल्या मिनिटांत सांगावे लागते. गवयाला ही शिस्त काचते. संगीतकाराला ती घडविते.

आता रंगभूमीकडे वळू. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. त्या काळच्या नाटकांत पदांची गर्दी असे. 'सौभद्रा'त ती शंभराच्या पुढे जातात. परंतु ती लहान असत, साकी-दिंडीच्या वळणाची असत आणि बोलण्यातून सहज उगवत. पुढे १९११ मध्ये 'मानापमान' आले, गोविंदराव टेंबे यांच्या चाली आल्या. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले, भास्करबुवा बखले यांच्या चाली आल्या. रागदारी रंगभूमीवर थाटाने अवतरली. हा उत्कर्षच होता, याविषयी वाद नाही. परंतु त्याच्या पोटात एक दुखणे वाढत होते. बालगंधर्वांच्या आवाजाला 'वन्स मोअर' मिळाला की पद पुन्हा होई, पुन्हा मागितले की तिसऱ्यांदा होई, आणि रुक्मिणीचे पत्र कृष्णाकडे पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटे. प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे, कारण ते गाणे ऐकावयास आलेले असत. नाटक हे गाण्याचे निमित्त झाले होते. बालगंधर्वांच्या कंठात ते शोभले. ज्यांच्याकडे तो कंठ नव्हता त्यांनीही तीच रीत उचलली, आणि मग १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आल्यावर प्रेक्षक एकेक करून उठून गेला. मंडळ्या कर्जात बुडाल्या. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळीही त्याच दशकात बंद पडली.

मधल्या काळात सगळेच निद्रिस्त होते असे नाही. १९४२ च्या 'कुलवधू'त मास्टर कृष्णरावांच्या चाली होत्या आणि आपल्या गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी त्या घरोघरी पोहोचविल्या. १९६० मध्ये विद्याधर गोखले यांच्या 'पंडितराज जगन्नाथ'ला वसंत देसाई यांचे संगीत लाभले, १९६३ मध्ये 'मंदारमाले'ने राम मराठ्यांचे गाणे ऐकविले. रसिक पुन्हा नाट्यगृहाकडे वळू लागला होता. तथापि ही नाटके मनाने जुन्या वैभवाची होती. नव्या काळातील नाटकाला नवे गाणे हवे, त्याची घडणच वेगळी हवी, हा विचार सिद्ध व्हावयाचा होता.

येथे क्षणभर दूरचे एक उदाहरण घेतो. इंग्लंडात सतराव्या शतकात पर्सेल हा थोर संगीतकार होऊन गेला. त्याच्यानंतर इंग्रजी भाषेतील ऑपेरा जवळजवळ अडीचशे वर्षे मान वर काढू शकला नाही. इंग्रज लोक इटालियन आणि जर्मन ऑपेरा ऐकत. मग ७ जून १९४५ रोजी, युरोपातील महायुद्ध संपून महिनाही झाला होता न झाला तोच, लंडनला बेंजामिन ब्रिटन याचा 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा झाला. एका कोळ्याची आणि त्याला वाळीत टाकणाऱ्या गावाची ती कथा. समुद्रकाठी जन्मलेल्या या संगीतकाराने इंग्रजी शब्दांचे चढउतार स्वरांत पकडले, आणि एका रात्रीत इंग्रजी ऑपेरा जिवंत झाला असे मानतात. पुढील वर्षी त्याने अवघ्या बारा-तेरा वादकांवर निभावेल असाही ऑपेरा रचला, कारण युद्धाने दरिद्री झालेल्या देशाला मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता.

ऑपेरा आणि आपले संगीत नाटक या दोहोंत भेद मोठा आहे. ऑपेऱ्यात बहुतेक सारे गाऊनच बोलावयाचे असते, आणि गायकाने कोणता स्वर किती मात्रा लांबवावा हेही संगीतकाराने लिहून ठेवलेले असते. आपल्याकडे गद्य संभाषण चालू असता मध्येच पद येते, आणि संगीतकार देतो ती केवळ चाल. तिचा विस्तार गायक-नटाच्या स्वाधीन. म्हणजे ब्रिटनचे काम कागदावर पुरे होते, अभिषेकीबुवांचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पुरे होते. या भेदामुळे आपल्या संगीतकाराची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. नट कोठे वाहवत जाईल हे ओळखून चालीलाच आतून बांध घालावा लागतो.

हे काम बुवांनी प्रथम केले ते 'मत्स्यगंधा' या नाटकात. तेही कोळ्याच्याच कन्येचे नाटक, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. लेखक वसंत कानेटकर, निर्मिती मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनची, पहिला प्रयोग १ मे १९६४. गोवा मुक्त होऊन अडीच वर्षे झाली होती. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेच्या कला विभागामागे रामकृष्ण नायक यांच्यासारखे कार्यकर्ते होते, आणि या नाटकाचे दोन प्रमुख गायक-नट गोव्याचेच होते : पराशर झालेले म्हापशाचे रामदास कामत आणि सत्यवती झालेल्या आशालता वाबगावकर. आपल्या उत्सवी रंगभूमीवरचा कान घेऊन मुंबईस गेलेली ही माणसे.

आता पहा, या नाटकात बुवांपुढे प्रश्न कोणते होते. पहिला प्रश्न पट्टीचा. बालगंधर्वांच्या काळी नायिकाही पुरुषच असे. नायक आणि नायिका जवळच्याच पट्टीत गात. आता पुरुष काळी एक-दोनमध्ये गाणार, स्त्री काळी चार-पाचमध्ये. एकाच प्रवेशात एकामागून एक पदे आली तर पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागते, आणि ती बदलताना गद्याचा स्वर तुटतो. तेव्हा कोणाचे पद कोठे सुरू व्हावे, मध्ये किती संवाद असावा, हे लेखकाच्या बरोबरीने संगीतकारालाही पहावे लागते. दुसरा प्रश्न काळाचा. दहा-पंधरा पदे, तीन-साडेतीन तासांचा प्रयोग, शेवटची लोकल गाठणारा प्रेक्षक. पद चार-पाच मिनिटांत आपले काम करून मोकळे झाले पाहिजे. तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक : हे पात्र याच क्षणी का गाते?

सत्यवतीच्या मुखी बुवांनी 'गर्द सभोवती रान' ही बालकवींची कविता दिली. ती नाटकाच्या कितीतरी आधी लिहिलेली, चालीसाठी जुळविलेली नव्हे. शब्द आधी, चाल मागून. यौवनाच्या उंबरठ्यावरील मुलगी जसे गुणगुणेल तसे ते गाणे आहे. त्यात गवयीपणाचा आव नाही. आणि त्याच नाटकात पराशराचे 'साद देती हिमशिखरे' ऐका. तो तिला सोडून तपश्चर्येसाठी निघाला आहे. ते पद वरच्या स्वरांकडे असे झेप घेते की, पुरुषाचे मन देहाने उभे आहे तेथून केव्हाच निघून गेले, हे संवादाविना कळते. मैफलीत हे पद आपण गायकाच्या दमसासासाठी ऐकतो. नाटकात ऐकणाऱ्याच्या मनात त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट चालू असते : मागे राहिलेल्या बाईचे आता काय होणार? पुढे ही सत्यवती जी कठोर होते, ज्या अटी घालून हस्तिनापुराच्या गादीवर आपले रक्त बसविते, त्याचे कारण या पदात आहे. म्हणजे हे सुंदर पद एका अपराधाचे पद आहे. नाटक वजा केले की सौंदर्य उरते, अपराध नाहीसा होतो.

मग बुवांकडे नाटकांचा ओघ लागला. १९६६ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाती आणि देवयानी' आले. 'हे सुरांनो चंद्र व्हा' हे पद त्यातले. मूळच्या कर्नाटक पद्धतीतील चारुकेशी रागाचा आधार त्याला आहे. शिरवाडकरांसारख्या कवीचे शब्द आले की तानेने ते तुडवावयाचे नाहीत, ही मर्यादा बुवांनी पाळली. संस्कृत शिकलेल्या माणसाला समास कोठे सोडवावा आणि कोठे श्वास घ्यावा हे सांगावे लागत नाही. त्यांच्या पदांत अर्थाच्या मध्येच सम येऊन आदळली असे सहसा घडत नाही.

त्याच वर्षीचे कानेटकरांचे 'लेकुरे उदंड जाली' हे अगदी वेगळ्या धाटणीचे. येथे श्रीकांत मोघे यांच्यासारखे गद्य नट होते, गवई नव्हते. बुवांनी त्यांच्यासाठी बोलता बोलता गाण्यात आणि गाता गाता बोलण्यात शिरणाऱ्या रचना केल्या. रागदारीच्या मैफलीत बसणाऱ्या विद्वानाने असले काम हलके मानले असते. आपल्या दशावतारात जो 'नाईक' कडेला पेटी घेऊन बसतो, तो नटाच्या बोलण्याची लय पकडून नेमका असाच स्वर भरतो. पेडण्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. मला हे नाटक बुवांच्या कर्तृत्वात फार मोलाचे वाटते, कारण ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठी रचणे ही संगीतकाराच्या विनयाची परीक्षा आहे.

आणि मग 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक, प्रभाकर पणशीकरांची 'नाट्यसंपदा', पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. याविषयी इतके बोलले गेले आहे की मी एकाच मुद्द्यावर थांबतो. येथे गाणे हेच कथानक आहे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन हे दोन गायक. एकाचे गाणे शांत, शब्दाला जपणारे. दुसऱ्याचे तडफदार, आक्रमक, चमत्कृतीने दिपविणारे. प्रेक्षकाला संगीतशास्त्र येत नाही. तरीही त्याला हा भेद कानाने कळला पाहिजे, नाही तर नाटकच उभे राहत नाही. बुवांनी काय केले? 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन प्रकारे बांधले, एक पंडितजींच्या गायकीतले, एक खाँसाहेबांच्या. शब्द तेच, भुंगा तोच, कमळ तेच. परंतु एकीकडे तो मधात बुडाला आहे आणि दुसरीकडे झडप घालतो आहे. शेकडो पानांचे घराण्यांवरील विवेचन जे सांगणार नाही ते या दोन चाली सांगतात. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब, भार्गवराम आचरेकर यांचे पंडितजी, आपल्या गोव्याचे प्रसाद सावकार यांचा सदाशिव. तिघांच्या गळ्यांचे धर्म निरनिराळे. बुवांनी प्रत्येकाला त्याच्या गळ्याचे दिले. 'सुरत पिया की' या रागमालेत वसंतरावांना हवे तितके मैदान मोकळे आहे, आणि ते योग्यच, कारण तेथे पात्रच आपला दिमाख मिरवीत आहे. जेथे पात्राला मिरवायचे नाही तेथे बुवांनी मिरवू दिलेले नाही.

पुढे १९६८ मध्ये रणजित देसाई यांचे 'हे बंध रेशमाचे', शांता शेळके यांची त्यातील पदे, १९७० मध्ये 'मीरा मधुरा', आणि नंतरचीही काही नाटके. सर्वांचा धांडोळा येथे घेत नाही. नाटके काही चालली, काही पडली. पडलेल्या नाटकांतील पदेही तरली. १९८८ मध्ये पद्मश्री, १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार असे सन्मान झाले. त्यांनी अमेरिकेत जाऊन शिकविले, पुण्यास घरी शिष्य ठेवून घेऊन शिकविले. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुत्र शौनक, प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, राजा काळे अशी शिष्यांची मालिका मोठी आहे.

येथे एक अडचण उभी राहते, आणि तिच्यासाठीच मी हा विषय निवडला. ब्रिटनचा ऑपेरा आज कोठेही करावयाचा झाला तर स्वरलिपीचे पुस्तक उघडता येते. त्यात प्रसंग आणि स्वर एकत्र बांधलेले असतात. बुवांची पदे आपल्याकडे आली ती ध्वनिमुद्रिकांतून. तबकडीवर पद असते, प्रसंग नसतो. मुलगी स्पर्धेसाठी पद बसविते ते तबकडी ऐकून. तबकडीतली जागा हुबेहूब उतरली की परीक्षक मान डोलावतात. मैफलीत तर उलटे होते. पाच मिनिटांचे पद वीस मिनिटे चालते, तराणा जोडला जातो, तबल्याशी सवालजबाब होतात. ज्या दुखण्याने जुनी रंगभूमी खंगली आणि ज्यावर बुवांनी औषध काढले, ते दुखणे त्यांच्याच पदांना पुन्हा जडले, याचे मला वाईट वाटते. स्वतः बुवाही मैफलीत ही पदे गात आणि विस्ताराने गात, हे खरे आहे. परंतु मैफलीचे गाणे आणि रंगमंचाचे गाणे यांतील अंतर त्यांना नेमके माहीत होते; ऐकणाऱ्यांना ते माहीत राहिले नाही.

२०१५ मध्ये 'कट्यार'वर चित्रपट निघाला. बुवांची जुनी पदे त्यात घेतली होती, शंकर-एहसान-लॉय यांची नवीही होती. त्यांतील 'अरुणी किरणी' या नव्या पदासाठी बुवांचे शिष्य महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नाट्यगृहाची पायरी न चढलेली मुले ही गाणी गुणगुणू लागली. हे चांगलेच झाले. चित्रपटात निदान पद आणि प्रसंग एकत्र दिसले, म्हणूनही ती मुलांच्या मनात रुजली असतील.

आपल्या गावांत अजून उत्सवी नाटक टिकून आहे. त्यात गद्य नाटकांचा भरणा वाढला असला तरी संगीत नाटक उभे करणारी मंडळी या पेडणे-डिचोलीच्या पट्ट्यात आहेत. तेव्हा विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. पुढील स्नेहसंमेलनात नाट्यगीतांचा कार्यक्रम न करता 'मत्स्यगंधे'तील एकच प्रवेश करावा. आधीचे संवाद, मग पद, मग नंतरचे संवाद. एक पेटी, एक तबला पुरे. पराशरासाठी वरच्या पट्टीतला गळा सापडला नाही तर पट्टी खाली घ्यावी, त्याने काही बिघडत नाही. मात्र पद एकदाच म्हणायचे. 'वन्स मोअर' आला तरी पेटीवाल्याने भाता मिटून ठेवायचा आणि सत्यवतीने तिचे पुढचे वाक्य बोलायचे.